वाचकांचे प्रश्न : घरच्या इंटरनेटचे बिल भरायचे तरी कोठे?

गावोगावी फायबरची तार पोहोचल्यापासून या सदराकडे घरच्या इंटरनेटच्या बिलाविषयी बरीच पत्रे येऊ लागली आहेत. त्यांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे देत आहोत. काही वाचकांनी नाव न छापण्याची विनंती केली आहे, म्हणून सर्वांचीच नावे वगळली आहेत.

प्रश्न : आमच्या गावात तालुक्याचा केबलवाला एका खाजगी कंपनीचे नेट पुरवतो. दर महिन्याला त्याचा माणूस घरी येऊन रोख ५९० रुपये घेऊन जातो, पावती देत नाही, वहीत खूण करतो. मागील महिन्यात पैसे देऊनही नेट बंद पडले आणि चौकशी केली तेव्हा कंपनीने बिल थकल्याचे सांगितले. केबलवाल्याशी वाकडे घेता येत नाही, कारण तार तुटली तर जोडायला तोच येतो. त्याच्या हाती पैसे न देता बिल भरता येते काय?
— एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : भरता येते, परंतु तत्पूर्वी आपले पैसे कोणत्या वाटेने जातात हे पाहणे आवश्यक आहे. अशा व्यवस्थेत केबलचालक बहुधा कंपनीकडे आगाऊ रक्कम जमा ठेवतो आणि ग्राहकाने रोख दिली की त्या जमेतून ग्राहकाच्या क्रमांकावर महिन्याची मुदत वाढवून देतो. त्याची जमा संपलेली असली, किंवा सगळ्या गावाची वसुली झाल्यावर एकदमच भरू असे त्याने ठरवले, तर आपण पैसे दिलेले असूनही कंपनीच्या हिशेबात आपण थकबाकीदारच राहता. त्यात लबाडी असतेच असे नाही, पण वहीतील खूण कंपनी पुरावा म्हणून मानणार नाही.

सर्वप्रथम आपला ग्राहक क्रमांक मिळवावा आणि त्या क्रमांकापुढे कोणाचा मोबाइल नोंदलेला आहे हे कंपनीच्या मदत क्रमांकावर विचारावे. जोडणी देताना घाईगडबडीत केबलचालकाने स्वतःचाच मोबाइल नोंदवलेला असतो, असे खेड्यांत पुष्कळदा आढळते. मग बिलाचे संदेश, ओटीपी आणि मुदत संपल्याची सूचना हे सारे त्याच्याकडे जाते आणि घरमालकाला नेट बंद पडल्यावरच कळते. तो मोबाइल बदलून घेतल्याशिवाय पुढील कोणताही मार्ग धड चालणार नाही.

त्यानंतर कंपनीच्या ॲपवर किंवा संकेतस्थळावर थेट भरणा करता येतो. आमच्या मते त्याहूनही सोयीचा मार्ग भारत बिल पेमेंट प्रणालीचा आहे. ही व्यवस्था राष्ट्रीय भुगतान निगमाने उभी केली असून तिला आता ‘भारत कनेक्ट’ असे नाव दिले आहे. फोनपे, गूगल पे, भीम किंवा आपल्या बँकेचे ॲप यांपैकी कोणत्याही ठिकाणी बिलांच्या भागात ‘ब्रॉडबँड’ निवडून कंपनीचे नाव आणि ग्राहक क्रमांक टाकला, की पैसे भरण्याआधीच ग्राहकाचे नाव आणि देय रक्कम पडद्यावर दिसते. त्या जागी आपल्याऐवजी दुसऱ्याचे नाव दिसले तर तेथेच थांबावे. क्रमांकातला एक आकडा चुकला तरी शेजाऱ्याचे बिल भरले जाते आणि ते पैसे परत मिळवणे हे मोठे किचकट काम होऊन बसते.

स्मार्टफोन नसेल तर हाच भरणा गावच्या आपले सरकार सेवा केंद्रात, सीएससी केंद्रात किंवा टपाल खात्याच्या पेमेंट्स बँकेमार्फत होऊ शकतो. केंद्रचालक काही शुल्क घेणार असेल तर ते आधी विचारावे आणि भरणा क्रमांक असलेली छापील पावती घेतल्याशिवाय उठू नये. ‘सर्व्हर डाउन आहे, संध्याकाळी भरून ठेवतो’ असे म्हणणाऱ्याच्या हाती पैसे सोडून येणे म्हणजे केबलवाल्याच्या वहीचाच प्रकार पुन्हा करणे होय.

आपला केबलचालक मोठ्या कंपनीचा प्रतिनिधी नसून स्वतःच्याच नावाने नेट देत असेल आणि त्याचे नाव या ॲपमधील कंपन्यांच्या यादीत नसेल, तर त्यालाच पैसे देणे भाग आहे. तरीही रोख देण्याऐवजी त्याच्या दुकानाच्या क्यूआर कोडवर द्यावे आणि शेरा लिहिण्याच्या जागी ग्राहक क्रमांक व महिना लिहावा. थेट कंपनीकडे भरायचे ठरवलेत तर ते त्याला आधी सांगून ठेवावे, म्हणजे त्याच महिन्यात त्याच्याकडूनही भरणा होऊन दुहेरी रक्कम अडकणार नाही. वाकडे येण्याचे कारणही मग उरत नाही.

५९० रुपयांचा आकडा मात्र बरोबर दिसतो. ४९९ रुपयांच्या योजनेवर १८ टक्के जीएसटी धरल्यास ५८८ रुपये ८२ पैसे होतात.

आणखी एक गोष्ट. नेट बंद पडले की कारण बिलच असेल असे धरून चालू नये. भिंतीवरच्या फायबरच्या डबीवर ‘एलओएस’ लिहिलेला लाल दिवा पेटलेला असेल तर तार तुटली आहे किंवा प्रकाश येत नाही असे समजावे. रस्त्याच्या कामात जेसीबीने तार तोडली असेल तर हेच दिसते. तो दिवा बंद आहे, ‘पॉन’चा हिरवा दिवा स्थिर आहे आणि तरीही काही उघडत नाही, अशा वेळी मुदत संपली आहे काय हे पाहावे.

प्रश्न : मोबाइलवरून बिल भरत असतानाच टॉवर गेला. खात्यातून ७०७ रुपये कमी झाल्याचा बँकेचा संदेश आला, पण कंपनीच्या ॲपवर बिल अद्याप थकीतच दिसते. शाळेची ऑनलाइन माहिती भरायची असल्याने नेट तातडीने हवे आहे. पुन्हा भरावे काय?
— एक शिक्षिका, ता. धारणी, जि. अमरावती

उत्तर : लगेच पुन्हा भरू नये. ज्या ॲपमधून पैसे भरले त्यातच व्यवहाराची स्थिती पाहावी. व्यवहार ‘प्रलंबित’ असेल तर तो पुढे यशस्वीही ठरू शकतो, आणि दरम्यान दुसऱ्यांदा भरले तर दोन्ही रकमा कंपनीकडे जातात. ‘अयशस्वी’ असे स्पष्ट लिहिलेले असेल तरच दुसरा भरणा करावा. ‘यशस्वी’ दिसत असूनही कंपनीकडे नोंद नसेल, तर यूपीआयचा बारा अंकी संदर्भ क्रमांक आणि भारत कनेक्टचा भरणा क्रमांक हे दोन्ही कंपनीला कळवून तक्रार क्रमांक घ्यावा; अनेकदा नोंद पोहोचण्यास थोडा वेळ लागतो, इतकेच.

रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाने याची मुदत बांधून दिली आहे. यूपीआयने दुकानदाराला किंवा कंपनीला पैसे देताना खात्यातून रक्कम गेली, पण तिकडे पुष्टी पोहोचली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत ती आपोआप परत आली पाहिजे. त्यापुढील विलंबासाठी दर दिवशी १०० रुपये भरपाई ग्राहकाने न मागताही मिळावयास हवी. प्रत्यक्षात मागावी लागते, म्हणून बँकेला लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. तीस दिवसांत समाधानकारक उत्तर न आल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते.

ज्या गावात टॉवर भरवशाचा नाही तेथे शेवटच्या तारखेच्या रात्री बिल भरणे टाळावे. घरचे नेट चालू आहे तोवर, त्याच्याच वायफायवरून, मुदतीच्या तीन-चार दिवस आधी भरणे उत्तम.

प्रश्न : मी कास्तकार आहे. माझ्याकडे साधा बटनांचा फोन आहे. घरी नेट सुनेच्या शिक्षणासाठी घेतले. कापसाचे चुकारे आले की हातात पैसा असतो, उन्हाळ्यात नसतो. एकदम वर्षाचे बिल भरून टाकावे काय? की नागपूरला असलेल्या मुलाने तिकडूनच दर महिन्याला भरावे? बँकेतून आपोआप कापले जाण्याची सोय आहे असेही ऐकतो.
— एक वाचक, ता. हिंगणघाट, जि. वर्धा

उत्तर : मुलाने भरणे सर्वांत सोपे. बिल कोणाच्या नावावर आहे याला भरणा करताना महत्त्व नसते. ग्राहक क्रमांक ठाऊक असला की कोणीही, कोठूनही आणि स्वतःच्या खात्यातून भरू शकतो. पावतीची प्रत त्याने सूनबाईंच्या फोनवर पाठवावी.

वर्षाचे एकदम भरल्यास कंपन्या बहुधा काही सूट किंवा जादा मुदत देतात, आणि चुकाऱ्याच्या वेळी भरून मोकळे होण्याची आपली कल्पना हिशेबाला धरूनच आहे. परंतु ही सूट घेताना वर्षभर सेवा मिळेल असा विश्वास आपण पुढच्याला उधार देत असतो. कंपनी मोठी असेल, गावात तिचे नेट एक पावसाळा नीट चाललेले असेल आणि रक्कम कंपनीच्याच खात्यावर जाणार असेल, तर खुशाल भरावे. नव्याने तार ओढणाऱ्या स्थानिक चालकाला मात्र तीन महिन्यांपलीकडे आगाऊ देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. मध्येच जोडणी सोडल्यास उरलेली रक्कम परत मिळेल काय, हे भरण्यापूर्वीच लेखी विचारावे.

आपोआप कापणीची, म्हणजे ऑटोपेची सोय आहे. एकदा पिन टाकून मंजुरी दिली की १५,००० रुपयांपर्यंतची कापणी दर वेळी पिन न मागता होते, तिची सूचना २४ तास आधी येते आणि मंजुरी केव्हाही रद्द करता येते. पगारदाराला ही सोय चांगली आहे, पण ज्या खात्यात उन्हाळ्यात शिल्लक राहत नाही त्यावर ती लावू नये. कापणी परत गेली तर बिल थकते आणि बँकेचा दंड लागू शकतो तो वेगळाच. आपले खाते पूर्वीच्या विदर्भ कोकण ग्रामीण बँकेत असेल तर आणखी एक तपासणी करावी. ती बँक १ मे २०२५ पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत एकत्र झाली आहे, तेव्हा जुन्या खात्यावर दिलेल्या मंजुऱ्या अजून चालू आहेत काय, हे शाखेत विचारून घ्यावे.

साध्या फोनवरूनही यूपीआय चालते. मार्च २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने ‘यूपीआय १२३पे’ ही सोय सुरू केली, तीत ठराविक क्रमांकावर फोन करून आवाजी सूचनांप्रमाणे पैसे देता येतात. तो क्रमांक मात्र बँकेच्या शाखेतूनच घ्यावा, कोणाच्या फॉरवर्ड केलेल्या संदेशातून नव्हे.

प्रश्न : ‘आज रात्री ९ वाजता आपले ब्रॉडबँड बंद होईल, त्वरित या क्रमांकावर संपर्क साधा’ असा संदेश आला. फोन केल्यावर समोरचा माणूस दहा रुपये भरून ‘केवायसी’ करण्यासाठी एक फाइल पाठवतो म्हणाला. ती उघडावी काय?
— एक वाचक, ता. लाखनी, जि. भंडारा

उत्तर : मुळीच उघडू नये. वीजबिलाच्या नावाने चालणारी फसवणूकच आता नेटच्या नावाने येत आहे. ती फाइल म्हणजे बहुधा आपले संदेश आणि ओटीपी चोरणारे ॲप असते, आणि दहा रुपये हे केवळ आपला पिन टाकून घेण्याचे निमित्त असते. बिल खरोखर थकले आहे काय, हे स्वतः ॲप उघडून ग्राहक क्रमांकावर पाहावे. फाइल आधीच उघडली असल्यास फोनचा डेटा व वायफाय बंद करून, दुसऱ्याच्या फोनवरून प्रथम बँकेला खाते थांबवण्यास सांगावे आणि पैसे गेलेले दिसताच क्षणाचाही विलंब न लावता १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवावे. रक्कम पुढच्या खात्यातून काढली जाण्याआधी कळवले तर ती तेथेच गोठवता येण्याची शक्यता असते. ठाण्यात जाऊन तक्रार देण्यासाठी सकाळची वाट पाहू नये.