टाळूची चावी फिरवली आणि दातांत फट पडली

प्रश्न: माझी मुलगी १४ वर्षांची आहे. वरचा जबडा अरुंद म्हणून डॉक्टरांनी टाळूला स्क्रूचं एक्सपांडर बसवलंय, रोज रात्री मीच चावी फिरवते. आठवड्यातच पुढच्या दोन दातांत केवढी फट पडली! सासूबाई म्हणतात पोरीचं तोंड बिघडवलंत. हाड खरंच उघडतं का? पुढे कमजोर तर नाही ना होणार?
– एक आई, नाशिक

उत्तर: ताई, सासूबाईंना सांगा की ही फट म्हणजे चांगली बातमी आहे. टाळूचं हाड डावं-उजवं असं दोन भागांत असतं, मधे सांधा असतो आणि वाढत्या वयात तो पक्का जुळलेला नसतो, म्हणून चावीच्या एका फेऱ्याला साधारण पाव मिलिमीटर असं करत तो उघडतो, पुढे जास्त, मागे कमी. दातांतली फट पुढे बरीचशी आपोआप मिटते, उरलेली ब्रेसेसनं. १८६० साली अमेरिकेत एंजल नावाच्या डेंटिस्टनं हेच एका १४ वर्षांच्या मुलीवर केलं तेव्हा डॉक्टरांचाच विश्वास बसला नव्हता, तर सासूबाईंचं काय घेऊन बसलात!

सांधा उघडला की मधे नवीन हाड भरत जातं, पण त्याला महिने लागतात. म्हणून फिरवणं संपल्यावरही एक्सपांडर ३ ते ६ महिने तसंच ठेवतात. मुलगी कटकट करेल, तरी लवकर काढायला लावू नका, नाहीतर कमावलेली रुंदी परत जाते.

आता काळजीचं म्हणाल तर ती मधल्या हाडाची नाही, दाढांच्या गालाकडच्या पातळ हाडाची. जोर दाढांवरूनच जातो ना, त्यामुळे सांधा घट्ट झालेला असेल तर हाड उघडण्याऐवजी दाढाच बाहेर कलतात, तिथलं हाड आणखी पातळ होतं, हिरडी वर सरकू शकते. हा सांधा कुणाचा तेराव्या वर्षी घट्ट, कुणाचा सतराव्यालाही मोकळा, त्यामुळे नुसत्या वयावर जाऊ नका. शंका असेल तर डॉक्टर सीबीसीटी स्कॅन (जबड्याचा थ्रीडी एक्स-रे) करून बघतात, आणि सांधा जुळलेला निघाला तर टाळूच्या हाडात छोटे स्क्रू घालून जोर थेट हाडावर देतात. तुमच्या मुलीला फट पडलीय म्हणजे सांधा उघडलाय.

नाकाच्या मुळाशी, गालात थोडा दाब वाटणं चालायचंच. पण खूप दुखलं किंवा चावी फिरेनाशी झाली तर जोर लावू नका, आधी डॉक्टरांना फोन करा.