खाली मुले, वर चित्रे

प्रश्न : मी वास्तुकलेच्या शेवटच्या वर्षात आहे. कोल्हापुरासाठी एकाच इमारतीत कलादालन आणि बालसंग्रहालय असा प्रकल्प घेतला आहे. दोहोंमध्ये जाड भिंत घालून प्रवेशद्वारे वेगळी ठेवावीत, असा सल्ला मिळाला. तो योग्य आहे का?
– एक विद्यार्थिनी, राजारामपुरी

उत्तर : प्रवेशद्वारांचे मी फारसे मनावर घेणार नाही, मात्र भिंतीने आपली अडचण सुटत नाही, कारण मुलांच्या उड्यांचा हादरा मुख्यतः स्लॅबमधून पसरतो. म्हणून विभागणी मजल्यांची करावी आणि मुलांना तळमजला द्यावा. २०१९ आणि २०२१ चे पंचगंगेचे पूर पाहिलेल्या शहरात चित्रांचे भांडार तळघरात दाखवणारा नकाशा, जागा पूररेषेबाहेरची असली तरी, मला पटणार नाही.

वरच्या मजल्यावर छतालगतचा उजेडही मिळतो. पण पाठ्यपुस्तकातला ‘उत्तरेचा प्रकाश’, म्हणजे उत्तरेच्या खिडक्यांतून येणारा बिनउन्हाचा उजेड, येथे जसाच्या तसा उचलू नये. कोल्हापूर सुमारे १६.७ अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या आरंभापर्यंत माध्यान्हीचा सूर्यही किंचित उत्तरेला असतो, आणि सकाळ-संध्याकाळी उत्तरेच्या काचेवर तिरपे ऊन येते. दुपार छज्जा सांभाळील. तिरप्या उन्हाला उभ्या पट्ट्याच लागतील. कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान यांच्यासारख्यांची जलरंगचित्रे मांडायची असतील, तर साधारण ५० लक्सची (लक्स म्हणजे पृष्ठभागावर पडणारा उजेड मोजण्याचे एकक) मर्यादा पाळावी लागते, तैलचित्रांना २०० पर्यंत चालते; तेव्हा जलरंगांसाठी बिनखिडकीची आतली खोलीच बरी. आपल्याकडच्या पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला ओल येते, म्हणून तिच्यावर कोणतेच चित्र टांगू नये.

मग दोन्ही जोडायचे कोठे? माझ्या मते वाड्यासारख्या चौकात. मजल्याची उंची ४ मीटर धरली, तर १:१२ उताराच्या रॅम्पला ४८ मीटर लांबी लागते, शिवाय विसाव्याचे टप्पे. चौकाच्या चारही बाजू त्यात सहज जातात, आणि चढता चढता मूल खिडकीतून कलादालनात डोकावू शकते. त्या खिडकीची कड जमिनीपासून ७० सेंटिमीटरच्या वर नेऊ नये, कारण सहा वर्षांच्या मुलाचे डोळे मीटरभर उंचीवर असतात, तर चित्राचा मध्य आपण सवयीने दीड मीटरच्या आसपास धरतो.

नकाशा पक्का करण्यापूर्वी टाउन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात पहिलीतले एखादे मूल घेऊन जावे आणि ब्रह्मपुरी या कोल्हापुरातल्या प्राचीन वस्तीच्या उत्खननातल्या कोणत्या वस्तू त्याला उचलून घेतल्याशिवाय दिसत नाहीत, ते टिपून आणावे.