जुन्या मालकाला आपली गाडी कुठे आहे हे दिसते का?

आपण विचारले आहे की, सेकंड हँड घेतलेल्या कनेक्टेड, म्हणजे इंटरनेटला जोडलेल्या गाडीतून जुन्या मालकाला किंवा कंपनीला आपला ठावठिकाणा कळतो का, आणि कळत असल्यास काय करावे. कळतो, मी स्वतः हे अनुभवले आहे.

मी साताऱ्यात राहतो. गेल्या वर्षी सांगलीच्या एका गृहस्थांकडून तीन वर्षे वापरलेली गाडी घेतली. आरटीओतले सोपस्कार झाले, आरसीवर माझे नाव आले, विमाही बदलला; तरीही पोवई नाक्यावर स्क्रीनवरच्या ‘घर’ या खुणेला बोट लागताच गाडी मला सांगलीतल्या विश्रामबागेचा रस्ता दाखवू लागली. त्यांच्या घरातल्या तिघांचे फोन ब्लूटूथच्या यादीत होते आणि सगळे नंबरही उतरलेले होते. हे सांगायला त्यांना फोन केला, तर तेच सहज म्हणाले, “अहो, गाडी कालपासून शेंद्र्याला उभी दिसतेय, बंद पडली की काय?” गाडीचे ॲप त्यांच्या फोनमध्ये चालूच होते आणि त्यातून गाडीची दारेही उघडता येत होती.

याचे कारण असे की, अशा गाडीत कंपनीने बसवलेले स्वतंत्र सिम असते. आपला फोन बंद असला तरी गाडी आपले स्थान, वेग, ब्रेक कसा दाबला जातो, हे कंपनीच्या सर्व्हरला कळवू शकते. मालकाचे खातेही त्या सर्व्हरवर असल्यामुळे स्क्रीन फॅक्टरी रिसेट केल्याने नंबर आणि पत्ते पुसले गेले, तरी जुने खाते तुटेलच असे नाही. म्हणून आधी जुन्या मालकाला त्याच्या ॲपमधून गाडी काढायला सांगावे, ते न जमल्यास आरसीची प्रत जोडून कंपनीला ई-मेल करावा, आणि रिसेट त्यानंतर करावे. फास्टॅगही विसरू नये. तो जुन्याच नावावर राहिला, तर आपण आणेवाडी किंवा तासवडे टोलनाका ओलांडताच मेसेज त्यांना जातो.

कंपनीच्या बाबतीत मी थोडा कठोर आहे. अमेरिकेत जनरल मोटर्सने चालकांच्या सवयींची माहिती विमा कंपन्यांना पुरवणाऱ्या संस्थांना विकल्याचे २०२४ मध्ये उघड झाले, आणि त्याच वर्षाअखेर फोक्सवॅगन समूहाच्या सुमारे ८ लाख इलेक्ट्रिक गाड्यांची माहिती इंटरनेटवर उघडी पडलेली आढळली. त्यामुळे सेटिंग्जमधली, वाहन चालवण्याच्या सवयी व जाहिरातींसाठी माहिती देण्याची संमती मी काढून घेतली. चोरी झाल्यास गाडी शोधण्याची आणि अपघातात मदत मागण्याची सोय मात्र ठेवली, कारण खंबाटकी घाटात रात्री-अपरात्री तिची गरज पडू शकते. फोन जोडताना ‘कॉन्टॅक्ट्स द्यावेत का’ या प्रश्नाला नाही म्हणावे. गाणी आणि कॉल त्याशिवायही चालतात.

आपल्याकडे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात दिलेली संमती मागे घेण्याची आणि माहिती पुसायला सांगण्याची तरतूद आहे. त्याची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होत असली, तरी ई-मेलमध्ये त्याचा उल्लेख अवश्य करावा. मला तिसऱ्या ई-मेलनंतर जुने खाते काढल्याचे उत्तर आले. तरीही मी सांगलीला फोन करून त्या गृहस्थांना ॲप उघडून पाहायला लावले, आणि गाडी आता दिसत नाही असे त्यांनी सांगितल्यावरच ‘घर’ या खुणेवर माझा पत्ता भरला.