बोट धक्क्याला लागली, मग धूर कशाचा? बंदरातल्या विजेबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात बंदरातली डिझेलवरची यंत्रं विजेवर आणायला हवीत असं लिहिलं होतं, त्यावर भरपूर प्रश्न आले. माझी बरीच वर्षं बंदराच्या सबस्टेशनवर गेली, त्यामुळे हा विषय निघाला की मला थांबवत नाही. जमतील तेवढी उत्तरं देतोय.

प्रश्न : सर, आम्ही उरणला राहतो. बोट धक्क्याला बांधलेली असते, कुठे जात नाही, तरी तिच्या चिमणीतून दिवसरात्र धूर चालूच. इंजिन बंद करत नाहीत का? किनाऱ्यावरून लाइट देता येत नाही का?

मोठं इंजिन बंदच असतं हो, धूर येतो तो बोटीच्या जनरेटरचा. बोट म्हणजे एक छोटं गावच, तिच्यावर पंप, पंखे, स्वयंपाकघर, एसी आणि कंटेनर बोट असेल तर वर लावलेले शेकडो थंड कंटेनर, हे सगळं चालवायला सहज एक मेगावॅट लागतो, मोठ्या बोटीला त्याहून कितीतरी जास्त. एक मेगावॅट धरला तरी २४ तासात २४,००० युनिट होतात आणि त्यासाठी साधारण पाच टन तेल जळतं, तेही तुमच्या घरापासून दोन-चार किलोमीटरवर. २०२० च्या १ जानेवारीपासून जगभर जहाजांच्या तेलातलं गंधक ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यावर आणलं हे चांगलंच झालं, पण काजळी आणि नायट्रोजनचे वायू आहेतच की.

किनाऱ्यावरून लाइट देता येते, नक्की येते. स्वीडनमध्ये गोथेनबर्गला २००० साली हाय व्होल्टेजची सोय झाली, लॉस एंजेलिसला २००४ मध्ये कंटेनर बोटींसाठी झाली. कॅलिफोर्नियाने पुढे सक्तीच केली, २०१४ पासून शिपिंग कंपनीच्या निम्म्या फेऱ्यांना आणि २०२० पासून ८० टक्के फेऱ्यांना जनरेटर बंद. युरोपातल्या मोठ्या बंदरांत २०३० पासून कंटेनर आणि प्रवासी बोटींना हाच नियम लागतोय. म्हणजे तंत्र जुनं आहे, सिद्ध झालेलं आहे.

मग आपल्याकडे एवढा उशीर का? एक म्हणजे आपली वीज ५० हर्ट्झची आणि बहुतेक मोठ्या बोटींची ६० हर्ट्झची, त्यामुळे मध्ये ५० चे ६० हर्ट्झ करणारा भलामोठा कन्व्हर्टर बसवावा लागतो आणि खर्चाचा मोठा वाटा तोच खातो. दुसरं म्हणजे बोटीवरही सॉकेट पाहिजे ना, ६.६ किलोव्होल्टची जोडणी आहे ती, घरातला प्लग नाही. बंदर म्हणतं बोटीच तयार नाहीत, बोटवाले म्हणतात बंदरच तयार नाही, आणि दोघं एकमेकांकडे बघत बसतात. टग (मोठ्या बोटींना ओढणाऱ्या छोट्या बोटी) आणि पायलट बोटींना (वाट दाखवणारा पायलट नेणाऱ्या) मात्र कमी व्होल्टेजवर धक्क्यावरून लाइट देणं अगदी सोपं आहे, तिथे कोणी कारण सांगितलं तर मला पटत नाही.

आता एक गोष्ट मोकळेपणाने सांगतो. आपल्या ग्रिडची वीज अजून बरीचशी कोळशाची, एका युनिटमागे सरासरी ७०० ग्रॅमच्या वर कार्बन डायऑक्साइड, आणि बोटीचा जनरेटरही जवळपास तेवढाच सोडतो. म्हणजे नुसता प्लग लावून कार्बन जवळजवळ काहीच वाचत नाही! तुमच्या गावावरची काजळी मात्र थांबते, आणि माझ्या मते तेवढ्या एका कारणासाठीसुद्धा हे करायलाच हवं, कारण श्वास तुमचा आहे. कार्बनही वाचवायचा असेल तर त्या प्लगमागे सौर-पवनची वीज करार करून आणायला लागेल, नाहीतर 'ग्रीन पोर्ट'ची पाटी लावण्यात अर्थ नाही. प्लग लावल्यावरही बोटीचा बॉयलर चालू असू शकतो, तेव्हा थोडा धूर दिसला तर लगेच फसवणूक समजू नका.

प्रश्न : आमची निफाडला द्राक्षबाग आहे. माल रीफर, म्हणजे विजेवर थंड राहणाऱ्या कंटेनरमधून न्हावाशेवाला जातो. यार्डात लाइट गेली तर काय होतं? माल गेला का आमचा?

दादा, लगेच जात नाही. कंटेनरच्या भिंती जाड इन्सुलेशनच्या असतात आणि आत टनांनी थंड माल असतो, त्यामुळे दार बंद राहिलं तर तापमान हळूहळू चढतं, काही तासांचा धक्का तो सोसतो. पण द्राक्षाला शून्याच्या आसपास ठेवावं लागतं, तिथे दोन-तीन डिग्रीही महाग पडतात, काडी वाळते आणि तिकडचा खरेदीदार भाव पाडतो. म्हणून रीफर यार्डाला डीजी सेटचा, म्हणजे डिझेल जनरेटरचा आधार असायलाच हवा.

लाइट परत आल्यावर खरी गंमत असते. सगळे रीफर एकदम चालू झाले तर सगळ्यांचे कॉम्प्रेसर एकाच वेळी करंट ओढतात आणि फीडर, म्हणजे यार्डाला वीज आणणारी लाइन, पुन्हा ट्रिप. आम्ही एकेक रॅक करून चालू करायचो, मध्ये काही मिनिटं थांबून. एका टर्मिनलवर नवीन माणसाने घाईत सगळे ब्रेकर एकदम वर केले होते आणि पुढचा पाऊण तास आम्ही घाम पुसत बसलो होतो. आता हे काम सॉफ्टवेअर करतं, करायलाच पाहिजे.

तुमच्या हातातलंही एक आहे. रीफर हा थंड माल थंड ठेवण्यासाठी असतो, गरम माल थंड करण्यासाठी नाही. पॅकहाऊसमध्ये प्रीकूलिंग (भरण्याआधी माल थंड करणं) घाईत उरकून माल भरला की तो डबा पुढे दोन दिवस पूर्ण ताकदीने वीज खात राहतो आणि तरी आतली पेटी थंड होत नाही. वीजही तुमच्याच खर्चातून जाते कुठूनतरी. आणि बंदरांनी रीफरच्या रांगांवर सावली करावी, भर उन्हात तापलेला पांढरा डबा आणि छपराखालचा डबा यांच्या वीजखर्चात फरक पडतो, साध्या पत्र्याच्या छपराने पडतो, पण छप्पर घातलं की फोटो चांगला येत नाही म्हणून सगळे सोलरच्या मागे असतात. खरं तर त्याच छपरावर पॅनल लावा ना, दोन्ही कामं होतील.

प्रश्न : मी डिप्लोमा इलेक्ट्रिकलला आहे. ई-आरटीजी म्हणजे नक्की काय? वीज कोळशाचीच असेल तर उपयोग काय त्याचा?

छान विचारलंस. यार्डात कंटेनरच्या रांगांवर पाय फाकून उभी असते ती टायरवाली क्रेन म्हणजे आरटीजी. जुन्या क्रेनवर मोठा डिझेल जनरेटर असतो, तो कंटेनर उचलायच्या काही सेकंदांसाठी मोठा घेतलेला असतो आणि उरलेला वेळ, ट्रकची वाट बघतानाही, रिकामा धडधडत राहतो. तिलाच वीज दिली, बसबारने (बाजूने जाणाऱ्या विजेच्या पट्टीने) किंवा केबल रीलने (गुंडाळत-सोडत जाणाऱ्या केबलने), की ती ई-आरटीजी झाली आणि रिकामं जळणं संपलं. शिवाय कंटेनर खाली उतरतो तेव्हा मोटर उलटी जनरेटर होते, ती वीज जुन्या क्रेनमध्ये रेझिस्टरमध्ये गरम होऊन वाया जायची, आता शेजारची क्रेन वापरते. म्हणून इथे कोळशाच्या विजेवरसुद्धा फायदा होतो, बोटीच्या प्लगसारखं हिशोब बरोबरीत सुटत नाही. पहिला पैसा इथे घालावा असं मी म्हणतो.

आणि एक, धक्क्यावरच्या पाच-सहा मोठ्या क्रेन एकाच सेकंदाला माल उचलायला लागल्या तर त्या क्षणाची डिमांड, म्हणजे विजेची मागणी, एकदम शिखर गाठते. क्रेनना एकमेकांपासून दोन-तीन सेकंद मागेपुढे केलं तरी ते शिखर खाली येतं, कामाचा वेग तोच राहतो. ड्राइव्ह, हार्मॉनिक्स आणि प्रोटेक्शन रिले नीट शिक, बंदरांना अशी माणसं हवीच आहेत. टगसुद्धा विजेवर यायला लागलेत, २०२४ च्या ग्रीन टग योजनेत जेएनपीए (न्हावाशेवा), कांडला, पारादीप आणि तुतीकोरिन ही चार बंदरं पहिल्या टप्प्यात आहेत.

प्रश्न : वाढवण बंदर म्हणे पहिल्या दिवसापासून ग्रीन असणार. मग विरोध कशाला? (पालघर)

नवीन बंदरात केबलचे खंदक, सबस्टेशन, प्लग हे सगळं आधीच नकाशात धरता येतं, नंतर काँक्रीट फोडायला लागत नाही, हा फायदा खरा. पण तिथे समुद्रात १,४४८ हेक्टर भराव आहे, आणि मच्छीमारांचा प्रश्न त्या पाण्याचा आहे, विजेचा नाही. क्रेन सौरऊर्जेवर चालली म्हणून मासळीची जागा परत येत नाही. दोन्ही वेगळे प्रश्न आहेत, एकाचं उत्तर दुसऱ्याला देऊ नये.

प्रश्न : निसर्ग वादळात अलिबागकडे आमची लाइट कित्येक दिवस नव्हती. सगळं बंदर विजेवर आणलं आणि असं वादळ आलं तर?

ताई, ह्या प्रश्नासाठीच मी हा लेख लिहायला बसलो म्हणा ना. ३ जून २०२० ला रायगडात जे खांब आडवे झाले ते मी पाहिलेत. डिझेलच्या काळात प्रत्येक क्रेन स्वतःपुरती स्वतंत्र होती, आता सगळ्या एका वायरीला बांधल्या जातायत, त्यामुळे ती वायर जपणं हेच बंदराचं मोठं काम झालंय.

२०१२ मध्ये सँडी वादळात न्यूयॉर्क-न्यूजर्सीचं बंदर जवळपास आठवडाभर बंद राहिलं. खारं पाणी विजेच्या उपकरणांत शिरलं होतं, आणि खारं पाणी लागलेलं पॅनल वाळवून चालत नाही, बदलावंच लागतं. म्हणून सबस्टेशन उंच जोत्यावर घ्या, पूररेषेच्या वर, हा सगळ्यात स्वस्त विमा. दुसरं, दोन वेगळ्या सबस्टेशनवरून दोन फीडर आणि शेवटचा पट्टा जमिनीखालून, एकाच खांबांवरून दोन्ही लाइनी आणल्या तर त्या दोन नव्हेत, एकच.

सोलरबद्दल मोठा गैरसमज आहे. साधं ग्रिडला जोडलेलं सोलर लाइट गेली की आपोआप बंद पडतं, लाइनमनच्या जिवासाठी ते तसंच बनवलेलं असतं. छतावर मेगावॅटभर पॅनल असून खाली अंधार, असं होऊ शकतं. वादळात उपयोग हवा असेल तर बॅटरी आणि स्वतःच्या पायावर उभा राहणारा इन्व्हर्टर लागतो, आणि त्यावर फक्त कंट्रोल रूम, सिग्नल, पंप, रीफर एवढंच ठेवायचं.

वादळाच्या आधी क्रेन ठरलेल्या जागी नेऊन पिना घालून, साखळदंडाने जखडावी लागते. लाइट आधीच गेली तर ई-आरटीजी जागची हलत नाही! म्हणून तिच्यावर एक छोटा डिझेल जनरेटर किंवा बॅटरी ठेवायलाच हवी, दर महिन्याला चालवून बघायला हवी, आणि वादळाचा इशारा आला की क्रेन बांधून होईपर्यंत वीज तोडायची नाही, तो हुकूम कोणी द्यायचा ते शिफ्टच्या फळ्यावर नाव घालून लिहून ठेवायचं.