पद्मिनी विकू का, असं विचारणाऱ्या पोट्ट्याला

अरे बेटा,

तुझा मेसेज रात्री साडेअकराला आला, मी जागाच होतो, मुद्दाम उत्तर दिलं नाही. "काका, गाडी झाली, आता नुसती उभी आहे, पुण्याचा एक जण साडेतीन लाख देऊन राहिला, विकू का ठेवू?" चार वर्षं लागली ती जुनी प्रीमियर पद्मिनी गाडी उघडून परत बांधायला आणि प्रश्न दोन ओळींचा. फोनवर तू हो काका हो काका करतोस आणि ऐकत काहीच नाहीस, म्हणून लिहून राहिलो. मोठं होईल, चहा घेऊन बस.

पहिले सांग, गाडी झाली म्हणजे काय झालं? पेंट झाला, सीटा झाल्या, बंपरचं क्रोम चमकून राहिलं, सेल्फ मारला की उठते. चालवली किती? मी परवा मीटर बघितलं ना बे, 160 किलोमीटर पण नाही झाले. दोनदा फुटाळा तलाव आणि एकदा तर्री पोहे, संपला तुझा प्रवास. उघडून बांधलेल्या इंजिनचे पहिले हजार किलोमीटर म्हणजे अर्धं काम बाकी असतं, हेडचे नट परत कसायचे, टॅपेट सेट करायचे, पहिलं ऑइल 500 ला काढायचं आणि ते बोटांवर चोळून उन्हात धरून बघायचं की झिजलेल्या धातूची चमकी किती येऊन राहिली. ते तू केलंच नाहीस. आणि विकायला निघालास.

मला वाटतं ते सांगतो, राग आला तर येऊ दे. चार वर्षं ऑफिस सुटलं की तू सरळ वाडीला शेडमध्ये जायचास, काही नाही तर एक नट घासत बसायचास, आई ओरडायची, जेवण थंड व्हायचं. आता सात वाजले की काय करायचं हे तुला समजून नाही राहिलं. हात रिकामे झाले आणि त्याचा राग तू गाडीवर काढून राहिलास. तिला पाहिलं की बोअर होते म्हणतोस, होणारच, तिच्यात तुझ्यासाठी आता कामच नाही उरलं.

हे मला काऊन माहीत? माझी जीप.

तू तेव्हा जन्मला नव्हतास. कामठीच्या लिलावातली विलीज घेतली होती मी, चेसिस आणि अर्धं इंजिन, बाकी भंगार. पावणेतीन वर्षं घासली. पुढचे मडगार्ड कापले, काच खाली पाडता येईल अशी केली, मागच्या फळीच्या साखळीचा खडखड आवाज येऊ नये म्हणून तिच्यावर सायकलची ट्यूब चढवली, ती ट्यूब चढवायला अख्खा रविवार गेला, साबणाचं पाणी लावून लावून. झाली आणि दोन महिन्यांत काटोलच्या एका संत्रेवाल्याला विकून टाकली. का विकली म्हणशील तर मी सगळ्यांना सांगायचो की पैशाची गरज होती. गरज वगैरे काही नव्हती, एका जणाच्या वाड्यात एक जुनी स्टँडर्ड हेराल्ड गाडी सडत उभी होती आणि माझा जीव तिच्यात गेला होता. काकूला आजही पैशाचंच माहीत आहे, सांगू नको.

तीन वर्षांनी काटोल नाक्यावर ती जीप दिसली. मागे संत्र्याचे क्रेट मानेपर्यंत, बंपर वाकडा, पेंटचे पोपडे. माझ्या पोटात कसंतरीच झालं. तरी मागे मागे गेलो स्कूटरनं, सिग्नलला बाजूला लागलो, बघतो तर साखळीवर ट्यूब तशीच, काळी पडलेली पण तशीच. आणि फळीचा आवाज नव्हता. मग मला ना, खरं सांगू का, बरंच वाटलं. माझ्याकडे असती तर आठवड्यातून एकदा पुसली असती आणि परत कपडा टाकला असता. त्याच्याकडे ती कामाला लागली होती. त्यामुळे विकली म्हणजे पाप केलं असं मी तुला कधीच म्हणणार नाही.

आता तू ज्यांचे व्हिडिओ पाहून पाहून हे खूळ घेतलंस त्या हॉट रॉडवाल्यांचं, म्हणजे जुनी गाडी हलकी करून जोरात पळवणाऱ्यांचं बघ. फोर्डनं 1932 मध्ये स्वस्त गाडीत व्ही-एट, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन टाकलं, 65 हॉर्सपॉवर, त्या काळात ते भलतंच होतं, आणि पुढे त्याच जुन्या गाड्या पोरांना मातीमोल भावात मिळायला लागल्या. मडगार्ड काढायचे, वजन कमी करायचं, आणि कॅलिफोर्नियाच्या कोरड्या तळ्यांवर जाऊन पळवायची. त्या लोकांमध्ये विकणारे आणि ठेवणारे, दोन्ही प्रकारचे आहेत. डोएन स्पेन्सर म्हणून एक होता, त्याची 32 ची रोडस्टर, म्हणजे उघडी दोन सीटची फोर्ड, आजही लोक हॉट रॉड कशी दिसायला पाहिजे ते तिच्याकडे बघून ठरवतात. त्याला ती मेक्सिकोच्या कॅरेरा पानामेरिकाना शर्यतीत पळवायची होती, तिच्यासाठीच तो गाडी बदलत होता. ती शर्यत 1954 नंतर बंद झाली. संपला विषय, गाडी दुसऱ्याला दिली. ती आणखी हातांतून फिरली आणि 1997 मध्ये पेबल बीचला, कॅलिफोर्नियातल्या जुन्या गाड्यांच्या मोठ्या प्रदर्शनात, पहिल्यांदा हॉट रॉडचा वेगळा वर्ग ठेवला तेव्हा तिथे पहिली आली. बनवणारा एक, फिनिश करणारा दुसरा, मिरवणारा तिसरा.

आणि दुसरीकडे एड इस्केंडेरियन. कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा बनवणारा, त्याच्या कॅमचं नाव अख्ख्या जगात. त्यानं पोरवयात, 1930 च्या दशकाच्या शेवटी, एक फोर्ड मॉडेल टी रोडस्टर बनवली, 1948 मध्ये ती हॉट रॉड मासिकाच्या कव्हरवर आली. माणसानं शंभरी गाठली पण गाडी विकली नाही. आता यात प्रेम वगैरे आहेच, पण मला वाटतं एक गोष्ट लोक विसरतात, त्याच्या हाताला रोज काम होतं. दिवसभर दुसऱ्यांच्या इंजिनांसाठी कॅम घासायचे, त्यामुळे घरच्या गाडीकडून त्याची काही अपेक्षाच नसेल, ती नुसती असली तरी चाललं. हा माझा अंदाज आहे, पण मी असे नागपुरात चार-पाच जण पाहिले, ज्यांच्या गाड्या टिकल्या त्यांच्या शेडमध्ये कायम दुसरं काहीतरी उघडं पडलेलं असतं.

मग तू म्हणशील काका ठेवायलाच सांगून राहिले. थांब.

माझ्या बाबांची अँबेसेडर. मार्क थ्री, बाबा गेल्यावर मी पूर्ण केली, त्यांना आवडायचा तोच क्रीम रंग, आणि ठेवली. विकायची नाही म्हणजे नाही. लोकांना केवढं कौतुक, पोरगा असावा तर असा. आणि झालं काय, मी तिला हात लावेना. लावला की बाबा आठवायचे. ताडपत्री टाकली ती टाकलीच. अकरा वर्षं! एका उन्हाळ्यात ताडपत्री काढली तर एअर क्लीनरमध्ये उंदराची पिल्लं, गुलाबी गुलाबी, डोळे पण न उघडलेली, आणि वायरिंगच्या नुसत्या तांब्याच्या तारा राहिलेल्या, वरचं कव्हर सगळं साफ. ब्रेकचे व्हील सिलेंडर जाम, टायर खालून चपटे, टाकीतल्या पेट्रोलचा वास असा की डोळ्यात पाणी. बाबा असते तर दोन ठेवून दिल्या असत्या. अशा ठेवण्यापेक्षा काटोलचा संत्रेवाला बरा. आजकालच्या पेट्रोलमध्ये तर इथेनॉल पण आहे, जुन्या रबरी पाइपांना ते चालत नाही आणि उभ्या गाडीत पाणी ओढून घेतं, म्हणजे उभी ठेवायची असेल तर आणखी वांधे. ठेवायची तर चालवायची, दर आठ-पंधरा दिवसांनी, इंजिन नीट गरम होईपर्यंत. तेवढं होणार नसेल तर आत्ताच दे.

पैशाचं लवकर आटपतो. तुझे साडेचार गेले आणि साडेतीन येऊन राहिले म्हणून तू रडून राहिलास. चार वर्षांच्या संध्याकाळी तर तू धरल्याच नाहीस. अरे तिकडे अमेरिकेत पण लावलेले परत येतात असं क्वचितच होतं. ते लाख रुपये तू शिकण्याची फी समज, ब्रेक ड्रम घासायला कुठे शिकवतात सांग बरं.

हो, कागदाचं मात्र नीट ऐक. तुला त्यात मारुतीचं इंजिन बसवायचं होतं आणि मी आडवा आलो, महिनाभर तू बोलला नाहीस माझ्याशी. आरसीवर जे आहे आणि कंपनीनं जे दिलं त्यापेक्षा गाडी वेगळी करायची नाही, मोटार वाहन कायद्याचं कलम 52, आणि जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानं पण तेच सांगितलं. त्याच वर्षी कायदा बदलला, आता एकेका बदलाला 5,000 दंड आणि सहा महिन्यांपर्यंत आत टाकायची पण सोय आहे. अमेरिकेतलं हॉट रॉड इथे रस्त्यावर जसंच्या तसं होत नाही, ते एकदा मान्य करून टाक. तुझं 1089 सीसीचं मूळ इंजिन आत आहे हीच त्या गाडीची किंमत आहे. ते रुंद रिम आणि खाली केलेली स्प्रिंग मला आजही पटत नाही, जुने रिम माळ्यावर आहेत ना? भंगारवाल्याला देऊ नको बापा. गाडी 1978 ची, म्हणजे 2028 मध्ये पन्नास पूर्ण. 2021 च्या नियमानं पन्नासच्या वरची गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, नंबरात व्हीए येतं, पण चेसिस, बॉडी, इंजिन बदललेलं चालत नाही आणि मग रोज ऑफिसला नेता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरायला, दुरुस्तीला, एवढंच. तुला रोज चालवायची असेल तर त्या फंदात पडू नको.

आणि विकलीसच तर फॉर्म 29 आणि 30 भरून, आरसी त्याच्या नावावर झाल्याशिवाय झोपायचं नाही. हातात पैसे आले, चावी दिली, सेल्फी काढला, असं नाही. त्यानं पुण्यात कोणाला ठोकलं आणि आरसी तुझ्या नावावर असली तर भरपाई तुझ्या बोकांडी, 2018 मध्ये सुप्रीम कोर्टानं हेच सांगितलं की नोंदीत नाव ज्याचं तोच मालक. माझ्या एका ओळखीच्या माणसानं जुनी फियाट अशीच तोंडी विकली आणि सहा वर्षं दुसऱ्याच्या अॅक्सिडेंटच्या तारखांना जात होता.

आता काय करायचं. पुण्यावाल्याला पंधरा दिवस थांबायला सांग, थांबला तर खरा गिऱ्हाईक, नाही थांबला तर तो रील बनवायलाच घेऊन राहिला होता. 2023 मध्ये मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली तेव्हापासून ज्याला त्याला पद्मिनी पाहिजे, गिऱ्हाईक कुठे पळून नाही जात.

या पंधरा दिवसांत तू अमरावतीला जा. मामाकडे. गाडी त्यांची होती ना, त्यांनी तुला फुकट दिली, आणि झाल्यापासून त्यांना एकदा बसवलं का तू? फोटो पाठवलास म्हणतोस. फोटो! त्यांनी त्या गाडीत लग्नाची वरात नेली आणि तू व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवून राहिलास. पहाटे निघ, दीडशे किलोमीटर आहे, पन्नास-साठच्या वर पळवू नको. मामाला चालवायला दे, हातातला गिअर त्यांचा हात कसा टाकतो ते बघ, तू अजून दुसऱ्याहून तिसऱ्यात टाकताना कुरकुर करतोस. त्यांना विचार पण विकण्याचं. ते हो म्हणाले तर माझं काही म्हणणं नाही, माझी जीप मी कोणालाच न विचारता विकली होती.

येताना दुपार होईल आणि मार्चचं ऊन आत्ताच चाळीसच्या आसपास जाऊन राहिलं, तेव्हा कोंढाळीच्या अलीकडे-पलीकडे कुठेतरी गाडी झटके देईल आणि बंद पडेल. पडणारच. घाबरून मला फोन करायचा नाही, मी उचलणार नाही. बॉनेट उघड, इंजिनजवळच्या पेट्रोलच्या पंपावर ओलं फडकं टाक, दहा मिनिटं झाडाखाली बस. पाइपात पेट्रोलची वाफ झालेली असते, पंप थंड झाला की पेट्रोल चढतं. फडकं आणि पाण्याची बाटली डिकीत नको, पायाशी ठेव.

परत आलास की काहीही ठरवलं असलं तरी संध्याकाळी सात वाजता माझ्याकडे ये. बाबांच्या अँबेसेडरची वायरिंग मी अजून सुरूच नाही केली, अख्खं हार्नेस नवीन गुंफायचं आहे, डोळ्यांना आता तारांचे रंग नीट दिसत नाहीत, हिरव्यावर पांढरी पट्टी आणि पांढऱ्यावर हिरवी यात माझा गोंधळ होतो. काकू म्हणाली मुलगा येणार असेल तर भाकरी टाकते. येताना तुझी सोल्डरिंगची मशीन आण, माझी कुठे गेली कोणास ठाऊक.

तुझा
काका