हवामानबदलाचा ऑनलाइन कोर्स : गणित कच्चं असेल तर झेपतो का?

तुम्ही विचारलंय की दहावीनंतर गणित सोडलेल्या, इंग्रजी बेताचं असलेल्या माणसाला हवामानबदलाच्या विज्ञानाचा ऑनलाइन कोर्स झेपेल का, आणि त्यातून खरंच काही कळतं की नुसतं प्रमाणपत्र मिळतं. मी चिपळूणजवळच्या एका माध्यमिक शाळेत भूगोल शिकवते. गणित माझंही दहावीलाच सुटलं. तरी कोर्सेरा या ऑनलाइन कोर्सच्या संकेतस्थळावरचा शिकागो विद्यापीठाच्या डेव्हिड आर्चर यांचा कोर्स मी पूर्ण केला. मुळात तो विज्ञान शाखेत नसलेल्या विद्यार्थ्यांसाठीच आखलेला आहे. झेपतो, पण वही-पेन घेऊन बसावं लागतं. पहिल्या वेळी मी रात्री स्वयंपाक आवरून नुसते व्हिडिओ बघत गेले आणि तिसऱ्या आठवड्यात सगळं धूसर झालं. दुसऱ्या वेळी पहिल्यापासून सुरुवात केली.

कोर्सकडे वळले ते २०२१ च्या पुरामुळे. २२ जुलैला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. ऑक्टोबरात शाळा पुन्हा भरल्यावर आठवीतल्या एका मुलीनं विचारलं, "बाई, हे ग्लोबल वॉर्मिंगमुळे झालं का?" मी पुस्तकातलं सांगितलं की कार्बन डायऑक्साइड उष्णता धरून ठेवतो. ती म्हणाली, "कसा धरतो?" इतकी वर्षं शिकवत होते, पण याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

कोर्समधलं पहिलंच मोठं गणित याच प्रश्नाशी येऊन थांबतं. ते इथे मांडते, म्हणजे तुम्हालाच अंदाज येईल. सूर्याकडून पृथ्वीपाशी दर चौरस मीटरला सुमारे १३६१ वॅट ऊर्जा येते. त्यातली साधारण ३० टक्के ढग, बर्फ, वाळू परत फेकतात. उरलेल्याला ४ ने भागायचं, कारण पृथ्वी ऊन अडवते ती एखाद्या गोल थाळीएवढं, पण ते पसरतं अख्ख्या चेंडूवर, आणि चेंडूचा पृष्ठभाग तेवढ्याच त्रिज्येच्या थाळीच्या चौपट असतो. उत्तर येतं २३८ वॅट. जेवढी ऊर्जा आली तेवढी अवरक्त किरणांच्या, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या उष्णतेच्या किरणांच्या रूपानं बाहेर गेलीच पाहिजे. त्यासाठी पृथ्वीचं तापमान किती हवं ते काढायला २३८ ला एका ठरलेल्या स्थिरांकानं (५.६७ भागिले दहा कोटी) भागायचं आणि वर्गमूळाचं बटण दोनदा दाबायचं. दुकानदाराकडे असतो तसल्या साध्या कॅल्क्युलेटरवर हे जमतं, फक्त भागाकार जरा जपून करायचा. २५५ केल्विन, म्हणजे उणे १८ अंश सेल्सियस.

उणे १८! आणि पृथ्वीचं खरं सरासरी तापमान साधारण १५ अंश. हा आकडा माझ्याच अक्षरात वहीत उतरला तेव्हा मी बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले.

मग आर्चर वातावरणाच्या जागी एक काच कल्पायला सांगतात. ऊन तिच्यातून खाली येतं, जमिनीकडून येणारी उष्णता मात्र ती शोषते आणि निम्मी वर, निम्मी खाली सोडते. वर २३८ जायलाच हवेत, म्हणजे खालीही २३८ येणार. जमिनीला उन्हाचे आणि काचेचे मिळून ४७६ मिळतात. पुन्हा त्याच स्थिरांकानं भागून दोनदा वर्गमूळ काढलं की ३०३ केल्विन, म्हणजे ३० अंश. खरं वातावरण अशी पूर्ण बंद काच नाही, म्हणून खरा आकडा दोन्हींच्या मधे. "कसा धरतो?" याचं हे उत्तर आता मी फळ्यावर दहा मिनिटांत देते.

दुसरी आवडलेली गोष्ट म्हणजे मॉडट्रान, वातावरणातून किती उष्णता बाहेर जाते ते आलेखात दाखवणारं संगणकावरचं मॉडेल. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर ते विनाशुल्क चालवता येतं. कार्बन डायऑक्साइड शून्य ठेवला आणि नंतर १० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत १० भाग) केला, तर बाहेर जाणाऱ्या उष्णतेच्या आलेखात मोठा खड्डा पडतो. ४०० चे ४१० केले तर फरक जेमतेम दिसतो. मी दचकले. मग काळजीचं कारण काय? ते असं की परिणाम दुपटीच्या हिशेबानं चालतो, दर दुपटीला जवळपास सारखा धक्का. शिवाय तापमान वाढलं की हवेत बाष्प वाढतं आणि बाष्पही उष्णता अडवतं. त्याच पानावर बाष्पाची सेटिंग बदलून हा फरक पाहता येतो. त्या रात्री दीड वाजेपर्यंत मी आकडे बदलत होते.

इंग्रजीबद्दल सांगायचं तर प्रत्येक व्हिडिओबरोबर लेखी मजकूर मिळतो. मी तो आधी वाचायचे, मग वेग कमी करून व्हिडिओ ऐकायचे. प्रमाणपत्राला पैसे लागतात आणि नियम बदलत राहतात, ते नाव नोंदवताना पाहून घ्या. याचा पुढचा, पायथॉन या संगणकाच्या भाषेत मॉडेल लिहिण्याचा भाग आमच्या गणिताच्या सरांनी आनंदानं केला. मी त्या वाटेला गेले नाही आणि त्यावाचून अडलंही नाही.

सगळ्यांनाच तो मानवेल असं नाही. माझ्या भावोजींची आंब्याची बाग आहे. मोहोर का गळतो ते कळेल म्हणून त्यांनी नाव नोंदवलं आणि निम्म्यात सोडलं. त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. हा कोर्स अख्ख्या पृथ्वीचा हिशेब शिकवतो, बागेचा नाही.

आपल्या पावसासाठी मला दुसरीकडे वळावं लागलं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तयार केलेला भारताच्या हवामानबदलाचा अहवाल २०२० साली आला. तो इंग्रजीत आहे, पण सर्वांना खुला आहे. १९०१ ते २०१८ या काळात देशाचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशानं वाढलं. १९५१ ते २०१५ मध्ये मान्सूनचा पाऊस सुमारे ६ टक्क्यांनी घटला, आणि ठळक घट झालेल्या भागांत आपला पश्चिम घाटही आहे. त्याच सुमारास मध्य भारतात दिवसाला १५० मिलिमीटरहून जास्त पावसाच्या घटना सुमारे ७५ टक्क्यांनी वाढल्या. एकूण पाऊस कमी आणि अतिवृष्टी जास्त, हे कोर्स न करता वाचलं असतं तर मला विसंगत वाटलं असतं. एका अंशामागे हवा सुमारे ७ टक्के जास्त बाष्प सामावते हे मनात पक्कं होतं, म्हणून पडताना पाऊस एकदम का कोसळू शकतो ते कळलं. एकूण पाऊस घटण्यामागे माणसाच्या प्रदूषणामुळे हवेत गेलेले सूक्ष्म कण आणि हिंदी महासागराचं तापणं अशी वेगळी कारणं अहवालात दिली आहेत.

ती मुलगी यंदा कॉलेजला आहे. मध्यंतरी एसटी स्टँडवर भेटली तेव्हा तिचं राहिलेलं उत्तर दिलं. म्हटलं, तापलेल्या हवेत मुसळधार पावसाची शक्यता वाढते एवढं पक्कं सांगता येतं. पण त्या दिवशी चिपळूणात पाणी किती चढलं यात नदीतला गाळ, भरती, धरणातून आलेलं पाणी यांबद्दलही वाद आहे, आणि तो हिशेब वेगळा मांडावा लागतो. ती म्हणाली, "मग तो कुणी मांडलाय का, बाई?" सध्या मी तेच वाचते आहे.