कामाचा आजार, की ‘बाईचा’?

मुंग्या, खांदेदुखी, खोकला. पत्रं नाशिक जिल्ह्यातल्या कुठल्याही कोपऱ्यातून येवोत, ‘वयामुळे होतंय’ हे बहुतेकींनी आधीच ऐकलेलं असतं.

प्रश्न : वय 46. सातपूरला असेंब्लीवर काम करते. रात्री उजव्या हाताला मुंग्या येतात. डॉक्टर म्हणाले, पाळी जायचं वय आहे, शिवाय घरकाम.

उत्तर : अशा मुंग्या बहुधा मनगटात नस दबल्याने येतात. त्यामागे पाळी जाणं, थायरॉइड, साखर हीही कारणं असतात, तपासाच. पण ती सापडली म्हणून काम निर्दोष ठरत नाही. स्क्रू-ड्रायव्हर दिवसभर कसा धरता, सुट्टीच्या दिवशी मुंग्या कमी होतात का, शेजारणीलाही त्रास आहे का, हे कुणी विचारलं? पुरुषाला ‘काम काय करता?’ आणि बाईला ‘पाळी नियमित आहे का?’ याची मला चीड येते. बाईला दोन्ही विचारायला हवं.

यात पैसाही अडकतो. ईएसआयमध्ये, म्हणजे कामगार राज्य विम्यात, साधं आजारपण धरलं तर सरासरी मजुरीच्या 70 टक्के, वर्षाला फार तर 91 दिवस. कामामुळे तात्पुरतं अपंगत्व आलं असं मान्य झालं तर 90 टक्के, ते टिकेल तोवर. त्यात कारखान्यांच्या कायद्यात (आधी 1948चा कारखाने कायदा, नोव्हेंबर 2025पासून त्याच्या जागी नवी संहिता) सरकारकडे नोंदवायच्या कामाच्या आजारांची यादी 29ची. शिशाची बाधा आहे, पाऱ्याची आहे, सिलिकोसिस आहे. तेच ते काम करून दुखावलेलं मनगट, मान, कंबर नाही. आणि बारीक, भराभर हात चालवायची कामं बहुधा बायकांच्याच वाट्याला येतात! म्हणून कामाचा तपशील केसपेपरवर लिहून घ्या, एनसीव्ही (नसेतून संदेश किती वेगाने जातो ते पाहणाऱ्या) तपासणीबद्दल विचारा आणि ईएसआयच्या डॉक्टरांना भेटा. अंगठ्याखालचा मांसल भाग खोल जात असेल, तर अजिबात थांबू नका.

प्रश्न : मनगटाला चुंबकाचा पट्टा घेऊ का? दुकानदार खात्री देतो.

उत्तर : नको.

प्रश्न : सिन्नरला घरीच विड्या वळते. खोकला जात नाही. केसपेपरवर ‘गृहिणी’ लिहिलंय. चालेल?

उत्तर : नाही. ‘विडी कामगार’ असं दुरुस्त करून घ्या, नाहीतर तंबाखूची धूळ डॉक्टरांच्या लक्षातच येणार नाही. खोकल्याला दोन आठवडे झाले असतील तर थुंकी तपासा.

प्रश्न : दिंडोरीला द्राक्षबागेत आहे, तिसरा महिना चालू आहे. पंप मालक चालवतात, मी फक्त विरळणी करते. सगळे म्हणतात, धोका फवारणाऱ्याला.

उत्तर : सगळ्यांचं ऐकू नका. औषध पानांवर, घडांवर राहतं आणि तुमचे हात दिवसभर त्यातच असतात. ताज्या फवारणीच्या बागेत जाऊ नका. डब्यावरच्या लेबलचा फोटो काढा आणि तो घेऊन याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा.